मा-रॉबर्टचा रविवार

मॉफट कुटुंबाचा रविवार शनिवारीच सुरू व्हायचा. दक्षिण आफ्रिकेत, कालाहारी वाळवंटाच्या दक्षिण कडेला असलेल्या आपल्या घराच्या जमिनी मेरी मॉफट शनिवारी शेणाने सारवून घ्यायच्या. मेरीबाई मूळच्या इंग्लंडमधल्या डकिनफील्डच्या. डिसेंबर १८१९मध्ये केप टाउनला त्यांचं रॉबर्ट मॉफट या स्कॉटिश मिशनऱ्याशी लग्न झालं आणि बैलगाडीने ही दोघं आतल्या मुलखात आली. तिथल्या एका मिशनरी बाईंना शेणाने जमीन सारवताना त्यांनी पाहिलं, तेव्हा हा गलिच्छ प्रकार आपल्या घरात नको असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं. पण थोड्याच दिवसांत शनिवार कधी उजाडतो असं त्यांना होऊ लागलं. धूळ बसते, पिसवा मरतात, जमीन हिरवीगार दिसते, असं त्यांनी घरी पाठवलेल्या पत्रात मनापासून लिहिलं आहे. लख्ख घासलेल्या विलायती खोल्यांकडे पाहून पूर्वी जे समाधान वाटायचं, तेच आता या सारवलेल्या जमिनीकडे पाहून वाटतं, असंही त्या सांगतात. मराठी वाचकाला यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही.

मिशनऱ्यांच्या इतिहासात रविवार येतो तो प्रवचनाचा. किती लोक जमले, किती जणांनी बाप्तिस्मा घेतला, कोणत्या राजाने कान दिला, याच्या नोंदी लंडनच्या कचेरीत जायच्या. त्या प्रवचनाआधी मुलांना आंघोळ घालणारी, तान्ह्याला कडेवर घेऊन उपासनेला बसणारी, नंतर मुलींना शिवण आणि अक्षरं शिकवणारी बाई या अहवालांत क्वचितच दिसते, आणि तिची मुलं तर दिसतच नाहीत. त्यांचा रविवार पाहायचा तर पत्रं वाचावी लागतात, प्रवासवर्णनांतल्या ओझरत्या ओळी वेचाव्या लागतात. या लेखात तेवढंच केलं आहे. सासू-जावयांच्या दोन प्रसिद्ध घरांतून, मॉफट आणि लिव्हिंगस्टन यांच्या घरांतून, हा रविवार पाहिला आहे. आणि नाशिकहून आफ्रिकेत गेलेल्या काही कुटुंबांच्या वाटेनेही थोडं चाललो आहोत.

उघडं राहिलेलं स्वयंपाकघर

मॉफट दांपत्य ज्या त्स्वाना लोकांत राहायला आलं, त्यांनी या पाहुण्यांना बोलावलेलं नव्हतं. सुरुवातीच्या वर्षांत उपासनेला लोक आले तर गप्पा मारायचे, झोपायचे, मध्येच उठून जायचे. घरातले सगळे उपासनेला गेले की मागे घरातली भांडी आणि हत्यारं नाहीशी व्हायची. रॉबर्ट मॉफटने आपल्या पुस्तकात एक रविवार नोंदवून ठेवला आहे. मेरीबाई कडेवर बाळ घेऊन उपासनेला निघाल्या होत्या. तात्पुरत्या उभारलेल्या स्वयंपाकघरात एक बाई बसली होती. दार लावायचं आहे, जरा बाहेर येता का, अशी त्यांनी अजिजीने विनंती केली. त्या बाईने लाकूड उचलून त्यांच्यावर उगारलं. मेरीबाई बाळाला घेऊन तशाच उपासनेच्या जागी निघून गेल्या. स्वयंपाकघर त्या बाईच्या ताब्यात राहिलं.

हा प्रसंग मिशनरी पुस्तकांत रानटीपणाचा पुरावा म्हणून येतो. मला तो तसा वाटत नाही. त्या मुलखात पाणी दुर्मीळ होतं. मिशनच्या बागेसाठी नदीचं पाणी पाटाने वळवलं होतं आणि तिथल्या बायका तो बांध फोडून पाणी आपल्या शेताकडे नेत असत. आपल्याच जमिनीवर, आपल्याच पाण्यावर बाग फुलवणाऱ्या परक्या बाईने आपल्याला दाराबाहेर जायला सांगावं, याचा त्या बाईला राग आला असेल तर तो समजण्यासारखा आहे. आणि तान्हं मूल घेऊन रोज अशा रागाच्या शेजारी राहणं मेरीबाईंना किती कठीण गेलं असेल, हेही समजण्यासारखं आहे. त्या सकाळी या दोन्ही बायका आपापलं घर सांभाळत होत्या.

१८२४मध्ये हे ठाणं कुरुमानच्या मोठ्या झऱ्याजवळ हललं. या झऱ्यातून आजही रोज सुमारे दोन कोटी लिटर पाणी वाहतं. मेरीबाईंना एकूण दहा मुलं झाली. त्यांतली सात मोठी झाली. त्यांखेरीज पुरून टाकलेल्या एका तान्ह्या मुलीला मॉफट कुटुंबाने वाचवलं आणि सॅरा रोबी असं नाव देऊन घरातच वाढवलं. एवढ्या मुलांचं न्हाणंधुणं, शिवणटिपण, आजारपण, त्यावर पाहुणे आणि वर्षातून कधीतरी हजार किलोमीटरवरच्या केप टाउनहून येणारं सामान, हे सगळं सांभाळून रविवार उभा करायचा असे. हे एकट्या बाईच्या हातून होणारं काम नव्हतं. मिशन-ठाण्यांवरच्या घरांत त्स्वाना मुली कामाला असत, मुलांना सांभाळत आणि मुलं त्यांच्याकडूनच त्यांची भाषा शिकत. रॉबर्ट मॉफटला ती भाषा नीट यावी म्हणून १८२७मध्ये घरदार सोडून काही आठवडे लोकांत जाऊन राहावं लागलं. घरातल्या मुलांना ती अंगणातच मिळाली.

अनेक वर्षं एकही माणूस ख्रिस्ती झाला नाही. त्या काळात इंग्लंडमधल्या एका मैत्रिणीने पत्रातून विचारलं, तुम्हाला काय पाठवू? मेरीबाईंनी प्रभुभोजनाची भांडी मागवली. भोजनाला बसणारं कुणी नव्हतं, तरी मागवली. १८२९मध्ये पहिल्या सहा जणांचा बाप्तिस्मा झाला आणि त्यांच्या पहिल्या प्रभुभोजनाच्या आदल्या संध्याकाळी ती पेटी कुरुमानला पोहोचली. मिशनरी मंडळींत ही गोष्ट श्रद्धेचं उदाहरण म्हणून सांगतात आणि ती तशी आहेच. मला तिच्यात एका गृहिणीचा स्वभावही दिसतो. पाहुणे येतील तेव्हा घरात भांडी असली पाहिजेत, हा विचार घर चालवणाऱ्या माणसाचा आहे.

पुढे १८३०मध्ये लूकचं शुभवर्तमान त्स्वाना भाषेत छापून झालं. १८३८मध्ये दगडी चर्च उभं राहिलं. त्याच्या छपराची लाकडं शेकडो किलोमीटरवरच्या मारिको नदीच्या खोऱ्यातून बैलगाड्यांनी आणली होती. १८५७पर्यंत संपूर्ण बायबल त्या भाषेत आलं. कुरुमानचं ते चर्च आजही उभं आहे. या कामाचं श्रेय रॉबर्ट मॉफटला मिळालं आणि ते योग्यच आहे. पण ज्या घरात बसून तो लिहीत होता, ते घर कुणी चालवलं, हा प्रश्न त्या श्रेयाच्या शेजारी ठेवायला हवा.

कोलोबेंगचा दिवस

मॉफट यांची थोरली मुलगी, तिचंही नाव मेरीच, १८२१मध्ये ग्रिक्वाटाउनला जन्मली. जानेवारी १८४५मध्ये कुरुमानच्या चर्चमध्ये तिचं डेव्हिड लिव्हिंगस्टन या स्कॉटिश मिशनऱ्याशी लग्न झालं. मिशनरी घरातला रविवार तिला कुणी शिकवावा लागला नाही, ती त्यातच वाढली होती. तिच्या थोरल्या मुलाचं नाव रॉबर्ट. त्यामुळे तिथल्या रिवाजाप्रमाणे लोक तिला ‘मा-रॉबर्ट’, रॉबर्टची आई, म्हणू लागले. पुढे झांबेझी नदीवरच्या आपल्या आगबोटीलाही लिव्हिंगस्टनने हेच नाव दिलं.

आजच्या बोट्सवानात, राजधानी गॅबोरोनेच्या पश्चिमेला कोलोबेंग नदीच्या काठी १८४७मध्ये या कुटुंबाने घर बांधलं. तिथला रोजचा दिवस लिव्हिंगस्टनने आपल्या पुस्तकात तपशिलाने लिहिला आहे. उजाडताच घरची प्रार्थना, मग न्याहारी, मग अकरा वाजेपर्यंत बाया, माणसं आणि मुलं यांची शाळा. त्यानंतर तो लोहारकाम, सुतारकाम किंवा बागकाम करी आणि मेरी घरातलं काम बघे. जेवण आणि तासाभराची विश्रांती झाली की मेरी बालवर्गाला जाई. साठ-ऐंशी, कधी शंभर मुलं जमत. एक दिवस बालवर्ग, एक दिवस मुलींचा शिवणवर्ग. सूर्यास्तानंतर तो गावात लोकांशी बोलायला जाई आणि आठवड्यातून तीन संध्याकाळी, गाईंच्या धारा काढून झाल्यावर, सभा भरे.

हे घर वर्षाला शंभर पौंडांवर चालायचं. दुकान नव्हतं, म्हणून सगळं घरीच करावं लागे. वारुळ पोखरून त्याची भट्टी करत आणि तिच्यात पाव भाजत. बरणी घुसळून लोणी काढत. मेणबत्त्या साच्यात ओतत, साबण झाडांच्या राखेपासून बनवत. अवर्षणात भाजीपाला संपला की टोळ खात. मोठे बेडूक मिळाले की मुलं आवडीने खात. असे सहा दिवस गेल्यावर सातवा येई तो विश्रांतीचा. स्कॉटलंडमधला शब्बाथ कडक असे. लिव्हिंगस्टनचे वडील चहा विकायचे आणि रविवारच्या शाळेत शिकवायचे; मुलाच्या हातात कादंबरी दिसलेली त्यांना खपत नसे. प्रवासात असला तरी लिव्हिंगस्टन रविवारी बैल सोडून मुक्काम करी. पण घरातल्या आईच्या वाट्याला सातव्या दिवशीही विश्रांती येत नाही. मुलांना जेवायला लागतंच. उपासनेला यायचं तर त्यांना स्वच्छ कपडे हवेत, आणि ते शिवणारे, धुणारे हात तिचेच. त्यावर रविवारी गावातल्या मुलांना धडा सांगायचा तो वेगळाच.

या गावाचा प्रमुख सेचेले हा विलक्षण माणूस होता. तो अक्षरं एका दिवसात शिकला आणि बायबल वाचायला लागला. आपल्या घरातही त्याने प्रार्थना सुरू केली. पूर्वी तो शिकारीला किंवा नाचाला बोलवायचा तेव्हा सगळं गाव जमायचं. प्रार्थनेला बोलवल्यावर त्याच्या घरची माणसंच तेवढी आली. १ ऑक्टोबर १८४८ रोजी त्याचा बाप्तिस्मा झाला आणि त्यासाठी त्याने एक सोडून बाकीच्या बायकांना माहेरी पाठवलं. पुढे त्यांच्यातल्या एकीला त्याच्यापासून दिवस गेले आणि लिव्हिंगस्टनने त्याला प्रभुभोजनातून दूर ठेवलं. त्याच वर्षांत पाऊस आटला. लोकांनी या अवर्षणाचा दोष नव्या पुस्तकाला दिला. माहेरी पाठवलेल्या बायकांची मुलं बालवर्गात असतील, त्यांच्या नातेवाइकांच्या डोळ्यांत राग असेल, आणि मेरी त्याच लोकांत पाणी, दूध आणि मदतनीस शोधत असेल. धर्मांतराचे निर्णय प्रवचनाच्या जागी झाले, त्यांचे परिणाम मात्र घरोघरी भोगले गेले. सेचेले स्वतः मात्र बायबल सोडून कधी गेला नाही. १८९२मध्ये मरेपर्यंत तो शिकवत आणि प्रवचन करत राहिला आणि आपल्या लोकांत ख्रिस्ती धर्म त्याने परक्या मिशनऱ्यांपेक्षा जास्त पसरवला.

वाळवंटातली मुलं

लिव्हिंगस्टनचं मन एका ठाण्यावर रमणारं नव्हतं. १ ऑगस्ट १८४९ रोजी तो एनगामी सरोवराला पोहोचला. पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये त्याने गरोदर मेरीला आणि तिन्ही मुलांना, रॉबर्ट, ॲग्नेस आणि थॉमस यांना, बैलगाडीत घालून तिकडे नेलं. थोरला चार वर्षांचा, धाकटा एक वर्षाचा. सरोवराकाठी मुलांना ताप आला. परतल्यावर ऑगस्टमध्ये कोलोबेंगला एलिझाबेथ जन्मली आणि सहा आठवड्यांत गेली. मेरीच्या चेहऱ्याचा एक भाग लुळा पडला. कोलोबेंगच्या पडक्या घराजवळ एलिझाबेथची कबर आजही आहे.

पुढल्या वर्षी पुन्हा तोच प्रवास ठरला आणि मेरीला पुन्हा दिवस गेले होते. कुरुमानहून तिच्या आईचं पत्र आलं. एक मूल गेलं, बाकीची कशीबशी वाचली, आणि पुन्हा तुम्ही या बाईला घेऊन रानात निघालात, असा त्याचा रोख होता. तीस वर्षं मिशनचं घर चालवलेल्या बाईने जावयाला इतक्या स्पष्टपणे सुनावलं होतं. लिव्हिंगस्टनने ते पत्र आपल्या रोजनिशीत उतरवून घेतलं, आणि तो निघाला. वाटेत वाटाड्या नाहीसा झाला आणि पाणी संपत आलं. पाणी जसं कमी होत गेलं तशी मुलांची तहान वाढत गेली, असं तो लिहितो. मेरीने एका शब्दानेही दोष दिला नाही, पण तिच्या डोळ्यांतल्या पाण्यात सगळं होतं, असंही तोच लिहितो. वेळेवर पाणी मिळालं आणि मुलं वाचली. सप्टेंबर १८५१मध्ये, प्रवासातच, नदीकाठी विल्यम ऑस्वेल जन्मला.

एप्रिल १८५२मध्ये केप टाउनहून मेरी चार मुलांना घेऊन विलायतेला रवाना झाली. त्याच वर्षी बोअरांनी, म्हणजे डच वंशाच्या वसाहतवाल्यांनी, सेचेलेच्या लोकांवर हल्ला केला आणि कोलोबेंगचं घर लुटलं. त्यानंतर मुलांना आफ्रिकेतला रविवार उरला नाही. विलायतेत मेरीला सासरी फार काळ राहणं जमलं नाही. पैशाची ओढाताण आणि एकटेपणा यांत तिने साडेचार वर्षं काढली. नवरा खंड ओलांडून १८५६च्या शेवटी परतला तो जगप्रसिद्ध होऊन. २७ एप्रिल १८६२ रोजी झांबेझीकाठी शुपांगा इथे मेरी तापाने गेली. थोरला रॉबर्ट, ज्याच्या नावाने लोक तिला हाक मारत, अमेरिकेच्या यादवी युद्धात खोट्या नावाने भरती झाला आणि १८६४मध्ये नॉर्थ कॅरोलिनातल्या तुरुंगात मेला. तो तेव्हा अठरा वर्षांचा होता.

असं घडलेलं हे एकच घर नव्हतं. लिव्हिंगस्टनच्या शब्दावर विसंबून आतल्या मुलखातल्या मकोलोलो लोकांकडे गेलेल्या मिशनऱ्यांच्या तुकडीत हेल्मोर नावाचं जोडपं आपल्या चार मुलांसह होतं. १८६०मध्ये लिन्यान्तीला आई-वडील आणि दोन मुलं काही आठवड्यांत मरण पावली. त्याच तुकडीतल्या रॉजर प्राइसची बायको आणि तान्हं बाळही गेलं. प्राइसने पुढे मेरी लिव्हिंगस्टनची धाकटी बहीण एलिझाबेथ हिच्याशी लग्न केलं आणि दोघं सेचेलेच्या गावी राहिली. या एलिझाबेथबाईंच्या रोजनिशा १९५६मध्ये पुस्तकरूपाने आल्या. मिशनरी घरातला दिवस बाईच्या हातून कसा लिहिला जातो, हे पाहायचं तर त्या वाचाव्यात.

नाशिकहून राबाईला

आफ्रिकेतल्या मिशनरी कुटुंबांच्या गोष्टीत महाराष्ट्राचाही वाटा आहे. अरबी समुद्रात ब्रिटिश आरमार गुलामांची गलबतं पकडी तेव्हा सुटलेली आफ्रिकन मुलं मुंबईला उतरवली जात. त्यांतली पुष्कळ नाशिकजवळ शरणपूरला वाढली. विल्यम सॉल्टर प्राइस या मिशनऱ्याने वसवलेल्या या वस्तीत त्यांना अक्षरओळख, सुतारकाम आणि लोहारकाम शिकवत. नाशिककर आजही रोज शरणपूर रस्त्यावरून जातात. १८६४मध्ये आपली आगबोट घेऊन लिव्हिंगस्टन मुंबईला आला तेव्हा बरोबर आणलेल्या चुमा आणि विकाटानी या दोन मुलांना त्याने जॉन विल्सन यांच्या शाळेत ठेवलं. शेवटच्या प्रवासाला निघताना त्याने नाशिकचे नऊ तरुण बरोबर घेतले. १८७३मध्ये तो वारला तेव्हा त्याच्या दफनाची प्रार्थना वाचणारा जेकब वेनराइट हाही नाशिकला शिकलेलाच होता.

याच मुलांतले विल्यम जोन्स, इश्माएल सेमलर आणि जॉर्ज डेव्हिड आपल्या बायकांसह केनियाच्या किनाऱ्यावर मोंबासाजवळ राबाईला गेले. मोंबासाला १८४४मध्ये योहान क्राप्फ या जर्मन मिशनऱ्याची बायको आणि नवजात मुलगी तापाने गेल्या होत्या. त्यांच्या कबरीपासूनच तिथल्या मिशनची सुरुवात झाली. नाशिकहून आलेल्या या जोडप्यांची कथा युरोपीय कुटुंबांपेक्षा वेगळी आहे. लहानपणी आईपासून तोडून विकलेली ही माणसं. आता ती आपली मुलं घेऊन आफ्रिकेत परतली होती, पण जन्मगावी नव्हे. १८७५मध्ये शरणपूर वसवणाऱ्या प्राइसने मोंबासासमोर मुक्त गुलामांची वस्ती वसवली आणि मुंबईचे माजी गव्हर्नर बार्टल फ्रिअर यांच्या नावाने तिला फ्रिअरटाउन म्हटलं. तिथली घंटा उपासनेला बोलावण्यासाठी वाजे आणि गुलामांचे व्यापारी येताना दिसले तर धोक्याचा इशारा देण्यासाठीही वाजे. तिथल्या आयांना घंटेचे हे दोन्ही अर्थ ओळखावे लागत. विल्यम जोन्सने राबाईला पळून आलेल्या गुलामांना आसरा दिला. १ जानेवारी १८८९ रोजी सुमारे चौदाशे माणसांना मुक्तीचे कागद मिळाले. ज्या मुलांना रविवारी आई-बापांसोबत एका बाकावर बसता आलं, त्यांना तो हक्क या लोकांनी मिळवून दिला. या सगळ्या मिशनरी इतिहासात मला सर्वांत मोलाची वाटते ती ही गोष्ट.

जमाखर्च

घरच्या बाजूने लिहिलेला मिशनरी इतिहास मराठीला परका नाही. १९३४मध्ये ‘स्मृतिचित्रे’चा पहिला भाग आला आणि लक्ष्मीबाई टिळकांनी दाखवून दिलं की एका रेव्हरंडाचं मोठेपण त्याच्या स्वयंपाकघरातूनही नीट दिसतं, कधी कधी तिथूनच जास्त खरं दिसतं. मेरी लिव्हिंगस्टनला असं पुस्तक लिहायला उसंत मिळाली नाही. तिची थोडीच पत्रं राहिली आणि जग तिला नवऱ्याच्या वाक्यांतून ओळखतं.

त्या नवऱ्याने उत्तरायुष्यात आपल्या कामाचा हिशेब मांडला. कोलोबेंगच्या वर्षांविषयी त्याने लिहिलं की उणिवा पुष्कळ असतील, पण पश्चात्ताप एकाच गोष्टीचा होतो: मुलांशी खेळायला वेगळा वेळ काढणं हे आपलं कर्तव्य आहे असं तेव्हा वाटलं नाही. संध्याकाळी इतका थकून जायचो की अंगात खेळ उरत नसे. मुलं जवळ होती तेव्हा खेळलो नाही. मी दूर असताना ती मोठी झाली, आणि खेळायला कुणी राहिलं नाही. हे त्याचं स्वतःचं म्हणणं आहे, कुणा टीकाकाराचं नव्हे, म्हणून ते गंभीरपणे घ्यायला हवं. व्हिक्टोरिया धबधबा पाहिलेल्या, गुलामांच्या व्यापाराविरुद्ध जगाला जागं केलेल्या माणसाला शेवटी टोचत राहिलं ते कोलोबेंगचं अंगण.

या सगळ्यांचं काम खोटं होतं असं मी म्हणत नाही. कुरुमानचं बायबल, सेचेलेचं वाचन, राबाईची मुक्ती, हे सगळं खरं आहे. पण त्या कामाची किंमत अर्धीच लिहिली गेली. उरलेली अर्धी दोन मेरींनी आणि त्यांच्या मुलांनी भरली आणि त्यांना कुणी विचारलं नव्हतं.

आपल्याकडेही लोकांसाठी वाहून घेतलेली घरं आहेत: शिक्षकांची, डॉक्टरांची, कार्यकर्त्यांची, पाळकांची. त्यांच्या कामाचं कौतुक जरूर करा. त्याचबरोबर त्या घरातल्या मुलांकडे आणि त्यांच्या आईकडे बघा, आणि काम करणाऱ्याला हक्काने सांगा की आठवड्यातला एक दिवस त्यांचा आहे, तो त्यांना दे.